वाडीतल्या सारवलेल्या जमिनी

बुधाच्या झोपडीत यंत्र टकटकलं आणि फौजदारांनी त्याला अंगणात उकिडवं बसवलं.

रोह्याच्या एका कारखान्यातून किरणोत्सर्गी कुपी शिशाच्या डब्यासकट नाहीशी झाली होती. गोदाम झाडायचा बुधा. संशय तिकडेच वळला. गोदामाचा कारकून पुंडलिक स्वतः किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन कुंडलिका नदीकाठच्या वाडीत आला होता. अख्खी वाडी फिरलो, तो सांगत होता, टकटक फक्त याच घरात. झोपडीतलं सामान उलथंपालथं झालं. कुपी मिळाली नाही. आता बुधाला चौकीत नेऊन बोलतं करायचं ठरत होतं.

त्याची बायको गंगी धावत जाऊन दिनानाथ मास्तरांना घेऊन आली. मास्तर निवृत्त, विज्ञान शिकवायचे. चार माणसांत बोलायला बिचकायचे. आपलंच चुकत असलं तर, म्हणत ते दारातच चष्मा पुसत राहिले. मग चाचरत यंत्र मागितलं.

कोपरा, चूल, मधली जमीन. टकटक सगळीकडे सारखीच. अंगणात आलं की मंदावायची.

“सारवलं कशानं, गंगी?”

“शेणात राख घालून. कंपनीच्या बॉयलरची. भेगा पडत नाय.”

“आणली कोणी?”

“यांनीच. पोती आणली ती वाडीभर वाटली. आपल्याच घरात कशी ठेवनार?”

मास्तर यंत्र घेऊन शेजारच्या भागीच्या घरात शिरले. यंत्र टकटकलं. पलीकडे मंगळ्याकडेही. मग ते परत आले.

“मी चुकत असेन,” ते फौजदारांना म्हणाले, “पण दगडी कोळशात युरेनियम, थोरियमचा अंश असतो. कोळसा जळतो, अंश राखेत उरतो. थोडाच, तरी यंत्राला कळतो. कुपी इथं उघडी असती तर एका जागी टकटक वाढत गेली असती. ही जमीनभर सारखी आहे.”

“मग कुपी कुठंय?”

“यांना विचारा,” मास्तरांनी पुंडलिककडे बोट दाखवलं. “वाडी फिरले असते तर घरोघरी टकटकलं असतं. हे थेट इथं आले. कंपनीची राख टकटकते हे यांना ठाऊक, बुधानं ती घरी नेली हेही ठाऊक. त्यानं ती वाटली, तेवढं ठाऊक नव्हतं.”

पुंडलिक हसायला गेला. “मास्तर, वय झालं तुमचं.”

“झालंय,” मास्तर खाली बघत म्हणाले. “डबा शिशासाठीच नेलात ना? कोणाला विकलात ते सांगा. तो फोडून कुपी हातात घेणारा माणूस वाचायचा नाही.”

पुंडलिकचा चेहरा उतरला.

“पेणला. भंगारवाल्याकडे. आज फोडणार होता.”

फौजदारांनी त्याला जीपमध्ये कोंबलं. जीप पेणच्या दिशेनं सुटली. तिचा आवाज विरेपर्यंत मास्तर वाटेकडे बघत उभे राहिले.

बुधा अजून उकिडवाच होता.

“मास्तर,” त्यानं हळूच विचारलं, “आता उठू का मी?”