चोवीस वर्षांपूर्वीचं रक्त

रत्नागिरीच्या नोंदविसर्जन केंद्रात सदानंद भाटकर आपल्या गुन्ह्याची नोंद पुसून घेण्याचा अर्ज करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. चोवीस वर्षांपूर्वी मित्राच्या हळदीहून दारू पिऊन परतताना त्यांनी गाडी कुणाच्या तरी कुंपणावर घातली होती. इजा कुणालाच झाली नाही. शिक्षा मात्र झाली. त्यानंतर ते दारूच्या वाटेला गेले नाहीत. रुग्णविमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात उमर गेली, पण विमान उडवण्याचा परवाना त्या एका नोंदीपायी दर वेळी नाकारला गेला. पन्नाशी गाठली की तो मिळत नाही, आणि सदानंद एकोणपन्नास वर्षांचे होते.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नीलांबरी ओक म्हणाल्या, "भाटकर, नुसता कागद फाडून भागत नाही. गुन्ह्यातून जे जे निर्माण झालं, ते सगळं नष्ट करायचं, असा कायदा आहे."

"मग करा की."

"तेव्हा तुमचं रक्त तपासलं होतं. उरलेला नमुना पेशीपेढीत गेला."

शेजारी बसलेले पेशीतज्ज्ञ डॉ. फिरोज मुकादम पुढे झुकले. "त्यातून आम्ही पेशीवंश वाढवला. तुमच्याच पेशी, पण प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या. एका मुलीला जन्मापासून स्वतःचं रक्त तयार करता येत नाही. तिला त्या दर महिन्याला देतो. सहा वर्षांची आहे."

"नोंद पुसली तर?"

"जाळाव्या लागतील."

सदानंदांनी बाही वर सरकवली. "आत्ता घ्या ना ताजं!"

"तुमच्या आजच्या पेशी तेवढ्या वाढणार नाहीत. त्या पंचविशीतल्या होत्या."

सदानंदांनी बाही पुन्हा खाली ओढली. मग चाचरत म्हणाले, "त्या रक्तात दारू होती हो, डॉक्टर. पोरीला काही…?"

मुकादमांना हसू आलं. "ती केव्हाच उतरली. गेल्या महिन्यात पोरगी पहिल्यांदा शाळेत गेली."

सदानंदांनी डोळे पुसले आणि आपला अर्ज मागे घेतला. "म्हणजे आता तिला धोका नाही?"

डॉ. ओक म्हणाल्या, "आहे. पंचवीस वर्षं झाली की नोंद आपोआप पुसली जाते. पुढच्या वर्षी. ते थांबवण्याचा हक्क फक्त गुन्हेगाराला असतो. आजवर कुणी तो मागितलेला नाही."

"कोरा कागद द्या," सदानंद म्हणाले, आणि ठळक अक्षरांत त्यांनी लिहिलं: 'माझा गुन्हा कृपया कायम ठेवावा.'