सतरा नंबरचा स्लॉट

पटलं तर पटलं, पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. मंगळवार होता. दुपारचे तीन, चांगला उजेड.

मी उपग्रह केंद्रावर ऑपरेटर आहे. एकाच उपग्रहावरून आमची चाळीस स्टेशनं बोलतात. सगळी एकदम बोलली तर कुणाचंच कळणार नाही. म्हणून प्रत्येकाला क्षणाचा एक तुकडा ठरवून दिलाय. त्याला स्लॉट म्हणतात. दोन स्लॉटच्या मधे थोडी मोकळी जागा.

सतरा नंबर डोंगरावरच्या हवामान चौकीचा. ती चौकी माझी बायको सांभाळायची.

फेब्रुवारीत ती गेली. चौकी बंद झाली. तिथलं यंत्र आमच्या स्टोअरमध्ये आलं.

त्या मंगळवारी पडद्यावर सतरा नंबर...

हिरवा झाला. म्हणजे तिथून सिग्नल येत होता.

"मास्तर, हे बघा." माझा ड्युटीवरचा जोडीदार सगळ्यांना शिकवत बसतो, म्हणून तो मास्तर.

"वहिनींचं स्टेशन? अहो, ते खोकं तर आत धूळ खातंय!"

जाऊन पाहिलं. खोकं जागेवर होतं. वायर कापलेली.

परत आलो. सतरा हिरवाच...

मग तो रोज दिसायचा. मी वर कळवलं नाही. मास्तरही गप्प राहिले. खरं सांगतो, बरं वाटायचं. घरी तरी कोण होतं?

पण सिग्नल रोज थोडा उशिरा यायचा. अंतर वाढलं की उशीर होतो.

ती लांब चालली होती.

नवव्या दिवशी मधली मोकळी जागा संपली. सिग्नल अठरा नंबरवर चढला. अठरा म्हणजे बेटावरचं हॉस्पिटल.

लगेच फोन वाजला. "बाळंतीण अडलीय इथे! शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचं बोलणं तुटतंय. झोपलात का?"

"भाऊ, बंद करा," मास्तर म्हणाले.

"तुम्ही करा ना."

"नाही. ते तुम्हीच करायचं."

मी सतराला थांबण्याचा हुकूम पाठवला.

बिघडलेलं यंत्र दहादा सांगूनही ऐकत नाही. हे मात्र...

पहिल्या वेळीच थांबलं.

अख्ख्या संसारात तिनं माझं पहिल्या सांगण्यात कधी ऐकलं नव्हतं.

बाळंतीण सुटली. दोघंही सुखरूप.

सतरा आता रिकामा आहे. थकलोय, पण झोप लागत नाही. त्या सिग्नलमध्ये मजकूर होता. उघडून वाचता आला असता. भीतीनं मी हात लावला नाही, आणि आता तो पुसला गेलाय.

नऊ दिवस ती काहीतरी सांगत होती.

मी तिला फक्त गप्प बस म्हणालो.