चेतनीच्या गोळीची साक्ष

सकाळच्या चहाबरोबर चेतनीची गोळी घेणं ही आता दात घासण्याइतकी साधी गोष्ट झाली होती. अठरा वर्षं पूर्ण झाली की पहिलं पाकीट घरी येई. मज्जातंतू म्हातारपणी झिजतात, ती झीज ही गोळी लांबवते, असं आहारपूरक मंडळाने बावीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून गोळी न घेणारा माणूस शोधूनही सापडत नव्हता.

तिची शिफारस झाली ती छायादेहांच्या साक्षीवर. छायादेह म्हणजे प्रत्येक माणसाच्या शरीराचं संगणकात ठेवलेलं हुबेहूब गणित. रक्त, यकृत, मज्जातंतू, सगळं त्यात आकड्यांनी चालतं, आणि फोनवरून त्याला प्रश्नही विचारता येतो. एखाद्या औषधाने दहा वर्षांनी काय होईल हे पाहायला दहा वर्षं थांबायला नको. छायादेहाला ते औषध द्यायचं, दुपारपर्यंत उत्तर हजर. चेतनी एक लाख दहा हजार छायादेहांना दिली गेली आणि जवळजवळ सगळ्यांचे मज्जातंतू सुधारले. खऱ्या माणसांवर दीर्घकाळ चाचणी कधी झालीच नाही.

डॉ. हेमांगी कर्णिक याच मंडळात संख्याशास्त्रज्ञ होत्या. निवृत्तीला काही महिने उरले असताना एका दुपारी त्यांच्या पुण्याच्या कचेरीत मिरजेचे बशीरभाई शिकलगार येऊन उभे राहिले. सत्तरीचे बशीरभाई तंबोरे बनवत. हेमांगीबाईंचं माहेर त्यांच्याच गल्लीत होतं, त्यामुळे ते त्यांना अजून लहानपणच्याच नावाने हाक मारत.

"हेमा, माझी बोटं गेली बघ," खुर्चीत बसत ते म्हणाले.

"गेली म्हणजे?"

"पिठात बुडवल्यासारखी वाटतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते ना, ती जागा केसाएवढी घासावी लागते, तेव्हा कुठे जवारी बोलते, सूर गुंजतो. ती जागा डोळ्याला दिसत नाही. बोटालाच कळते. आता कळत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वय झालं म्हणाले. मग माझ्या छायादेहाला विचारलं. तो म्हणतो, चेतनी घेतली म्हणून इतकी वर्षं टिकली, नाहीतर साठीलाच गेली असती." बशीरभाई थोडं हसले. "मी बरं म्हटलं. पण घरी जाताना मनात आलं, हे त्याला कुणी सांगितलं? तो काही मी नाही. गोळी न घेतलेला बशीर त्याने कुठं पाहिला?"

हा प्रश्न हेमांगीबाईंनी कधीकाळी स्वतः विचारला होता.

बशीरभाई गेल्यावर त्यांनी जुने दस्तऐवज उघडले. छायादेहांना मज्जातंतूंबद्दलचं ज्ञान कुठून मिळालं याचा माग काढायला चार दिवस लागले. गणिताच्या मागे गणित, त्याच्याही मागे गणित, आणि सगळ्याच्या तळाशी चेतनीचा एकच जुना, छोटा अभ्यास निघाला. माणसं अडतीस. मुदत बारा आठवडे. त्यातली अकरा माणसं मधेच सोडून गेलेली. का गेली, याची कुठे नोंद नाही. उरलेल्यांच्या मज्जातंतूंमधून विजेचा संदेश थोडा वेगाने जातो, एवढंच मोजलेलं. त्यांना सुईत दोरा ओवता येतो का, हे कुणी विचारलं नव्हतं.

एक लाख दहा हजार साक्षीदार म्हणजे त्या सत्तावीस माणसांचाच प्रतिध्वनी होता.

शिफारशीच्या मसुद्यात त्यांना स्वतःचंच एक खोडलेलं वाक्य सापडलं : 'हा पुरावा शिफारशीस पुरेसा नाही, प्रत्यक्ष माणसांवर दीर्घकाळ चाचणी व्हावी.' ती बैठक त्यांना लख्ख आठवली. अध्यक्ष प्रेमळ आवाजात म्हणाले होते, "हेमांगीबाई, अपाय तर काही दिसत नाही. चाचणी होईल सावकाश. तोवर घेऊ देत की लोकांना." त्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या आणि मंडळात सगळ्यांत धाकट्या होत्या. त्यांनी स्वतःच्याच हाताने ते वाक्य खोडलं होतं. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी आमिष दाखवलं नव्हतं. नुसता संकोच वाटला होता. आता त्यांना वाटलं, कुणी धमकावलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी त्या मिरजेला गेल्या. कारखान्यात तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले होते आणि बशीरभाईंची नात सायरा एका घोडीवर कानस फिरवत होती. हेमांगीबाईंनी सगळं सांगितलं, खोडलेल्या वाक्यासकट.

बशीरभाईंनी आपली बोटं समोर धरली. "म्हणजे गोळीनेच गेली?"

"माहीत नाही."

"मग गोळीने टिकली?"

"तेही माहीत नाही, बशीरभाई. गोळी घेणारे आणि न घेणारे शेजारी ठेवून पाहिलं तरच कळेल. पण न घेणारं कुणी उरलंच नाही. आम्ही सगळ्यांनाच दिली."

"तू तेव्हा बोलायला हवं होतंस, पोरी."

"हो," त्या म्हणाल्या.

सायराने कानस खाली ठेवली. "पुढच्या महिन्यात माझं पहिलं पाकीट येईल. अजून मी एकही गोळी घेतली नाही. मग माझ्यावर तपासता येईल की!"

वाट तेवढीच होती. नुकती अठरा पूर्ण करणाऱ्या चार हजार मुलामुलींपैकी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चेतनी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी; कुणाला कुठली, ते तीस वर्षं कुणालाच कळू द्यायचं नाही. हेमांगीबाईंनी मंडळापुढे आपली चूक लेखी कबूल केली आणि परवानगी मिळवली. आवाहन गावोगाव गेलं. घरोघरी आईबापांनी ते वाचलं आणि मग मुलांच्या छायादेहांना विचारलं. छायादेहांनी सांगितलं, पोकळ गोळी वाट्याला आली तर नुकसान होईल. आपल्या मुलाला नुकसानीच्या चिठ्ठीत कोण घालील?

नावं आली दोनशे सहा. त्यात पहिलं सायराचं होतं.

दोनशे सहा माणसांवरून उत्तर काढलं असतं, तर तेही त्या अडतीस माणसांच्या अभ्यासासारखंच दुबळं निघालं असतं, आणि लोकांनी त्यावरही विश्वास ठेवला असता. मंडळातला एक तरुण सहकारी म्हणाला, "मॅडम, सुरुवात तर करू. पुढे वाढतील." हेमांगीबाईंनी नकारार्थी मान हलवली. या वेळी त्यांनी वाक्य खोडलं नाही. त्यांनी चाचणी रद्द केली आणि दोनशे सहा जणांना स्वतः पत्र लिहिलं.

मिरजेचं पत्र मात्र टपालाने न धाडता त्या स्वतः घेऊन गेल्या. सायराने शांतपणे ऐकून घेतलं. समोरच्या स्टुलावर चेतनीचं नवं पाकीट होतं, अजून न फोडलेलं. बशीरभाई भिंतीला टेकून बसले होते.

"मग मी ही गोळी घेऊ की नको?" सायराने विचारलं.

बावीस वर्षं लाखो लोकांना काय घ्यावं ते सांगणाऱ्या हेमांगीबाईंनी त्या मुलीच्या बोटांकडे पाहिलं. "मला माहीत नाही, सायरा. कुणालाच माहीत नाही. आणि आता बहुधा कधीच कळणार नाही."

सायराने आजोबांकडे पाहिलं. मग तिने फोन उचलला आणि आपल्या छायादेहाला तोच प्रश्न विचारला.

उत्तर लगेच आलं, अगदी तिच्याच आवाजात : "घे. अठ्ठ्याण्णव टक्के खात्री आहे."

सायराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिने पाकीट फोडलं.