नाव घातलेला तांब्या

दारातली रांगोळी सुनेने पायाने पुसावी, ही रीत भिकुबाईने चोपडा गावातच काय, आसपासच्या सात गावांत पाहिली नव्हती. चुकून पाय पडला म्हणावं, तर तसंही नाही. प्रमिला नळावरून कळशी घेऊन आली, रांगोळीपाशी थबकली, वाकून बघितलं, आणि मग तळवा असा गरागरा फिरवला की ठिपका म्हणून उरला नाही.

"पायवरी रांगोळी पुसतस का व?"

"कोणी काढली ती, आत्या?"

"मी. घरमा आखो कोन शे?"

प्रमिला सासूकडे वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मग कळशी घेऊन आत गेली.

ही तिची जुनीच खोड. विचारायचं नाही, सांगायचं नाही, करून मोकळं व्हायचं. एरंडोलची मॅट्रिक सून आणली त्याचं हे फळ, असं भिकुबाई शेजारणीला मोठ्याने सांगायची. म्हणजे प्रमिलेलाही ऐकू जावं.

सुकदेव तिचा एकुलता एक. केळीचा घड एका दमात खांद्यावर घेणारा गडी. मागच्या दिवाळीपासून त्याचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. कोणी वारं म्हणालं, कोणी नजर. जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथे त्याच्या डोळ्यात बॅटरी मारून बुबुळाभोवतीचं हिरवट तपकिरी कडं दाखवलं. अन्नापाण्यातलं तांबं याच्या अंगातून बाहेर पडत नाही, म्हणाले, आत साठत राहतं. हजारो माणसांत एखाद्याला होतो हा आजार. उपाशीपोटी गोळ्या, जन्मभर. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद. शेंगदाणेसुद्धा बंद.

"आते भाजीमा काय माटी टाकू?" भिकुबाईने विचारलं होतं.

पण खरा घाव वेगळाच. मुंबईहून आल्या दिवशी प्रमिलेने घागर, हंडा, बंब, सगळं तांबं बैलगाडीत घालून मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेलं आणि कुलूप ठोकलं. भिकुबाईचं माहेर शिंदखेड्याचं, तिथून लग्नात आलेलं तांबं ते. चाळीस वर्षं चिंचेने घासलेलं.

"कोणले इचारीसन नेलं? मना बापनं तांबं मना पोरले खाई का?"

प्रमिलेने किल्ली कमरेला खोचली आणि चुलीकडे वळली. म्हणून भिकुबाईनेही एक गोष्ट तिला सांगितली नाही. एक तांब्या तिने गव्हाच्या कोठीत पुरून ठेवला. त्याच्यावर तिचं नाव घातलेलं होतं, छिन्नीने ठोकून, ठिपक्याठिपक्यांनी. शाळा तिला दोन महिनेच मिळाली. अक्षरं ओळखायची ती या चारच ठशांपुरती. आकडे मात्र कॅलेंडरावरचे सगळे यायचे.

त्या तांब्यातलं तुळशीचं पाणी ती सुकदेवला रोज चोरून घोटभर द्यायची. नवव्या दिवशी भाकरीचा घास तोंडाशी नेताना त्याच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, पुन्हा पडला. भिकुबाईने ते दोन्ही वेळा पाहिलं.

त्यानंतर तिने त्याला ते पाणी दिलं नाही. तांब्या टाकवेना, म्हणून स्वतः प्यायला लागली. त्याचं जे असेल ते माझ्यात येऊ दे, असं तुळशीला एकदा रागाच्या भरात म्हणाली. एकदाच.

मग दुपारी कोठीच्या खोलीतून आवाज यायला लागला. टक. टक. टक. सुकदेवच्या हातातली वाटी खाटेच्या पायाला लागत असेल, असं तिने मनाशी धरलं. पण हळूहळू त्याची वाटी स्थिर झाली. एका सकाळी त्याने सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावल्या. प्रमिला म्हणाली, गोळ्या लागू पडल्या. सुकदेव मळ्यात जायला लागला.

आवाज चालूच होता.

एके दिवशी तांब्या काढताना अंगठ्याला खरखर लागली. तिच्या नावाच्या अलीकडे नवे ठिपके होते. तिच्या कु मधला क तिला ओळखू आला, पण याच्या डोक्यावर दोन शिंगं होती. चार दिवसांनी नावाखाली ओळ उमटली. मग तिच्याखाली आणखी एक. कोठीचं झाकण तिने स्वतः दोरीने आवळलं होतं. दोरीची गाठ तशीच होती.

वाचून घ्यायचं कोणाकडून? तांब्या दाखवला तर नाक कापलं जाणार. ठिपके मात्र तिच्या हातातले. तिने नवे तेवढे ठिपके रांगोळीने दारात काढले, आपलं नाव सोडून, आणि सून येण्याची वाट बघत बसली.

त्यानंतरचं ते पाय फिरवणं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा काढले. प्रमिलेने पुन्हा पुसले, या वेळी रडत.

तिसऱ्या दिवशी तांब्यावर आकडे आले. ते तिला वाचता आले. १२-५. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो पुढचा सोमवार होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, घरात कोणाला काही करायची हौस नव्हती. सोमवारी काय? सुकदेव जेवत होता; ती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

शनिवारी भर दुपारी दोघी गहू निवडत होत्या. टक. टक.

प्रमिलेने मान वर केली. "आत्या, कोठीत काय आहे?"

भिकुबाईने दोरी सोडली. हात कोपरापर्यंत गव्हात गेला. गहू गरम होता. तांब्या निघाला तो कालच घासल्यासारखा लखलखीत.

प्रमिलेने तो हातात घेतला, फिरवला. मग अक्षरांवर तळवा झाकला.

"काही नाही. नुसत्या रेघोट्या."

"वाच."

"आत्या, नको."

"मना नावना पहिले काय शे?"

"कैलासवासी."

भिकुबाईने कोठीची कड धरली.

"त्याना खाले?"

"यांच्या स्मरणार्थ."

माणूस गेल्यावर गंधमुक्तीला वाटतात त्या भांड्यांवर हेच घालतात, हे न शिकलेल्या बाईलाही कळतं.

"आनि त्याना खाले? वाटनारं कोन?"

"मुलगा," प्रमिला म्हणाली. "मुलगा सुकदेव."

अंगणातून हाक आली, "माय! पाणी दे!" दिवाळीनंतर पहिल्यांदा त्याची जीभ कुठे अडखळली नव्हती.

भिकुबाईने तांब्या परत घेतला. तो कोठीच्या कडेला लागून वाजायला लागला. टक टक टक. हात तिचाच होता, थांबत नव्हता. खिडकीतल्या उन्हात तिच्या डोळ्यांतलं हिरवट कडं बघून प्रमिलेने नजर खाली घातली.

"इतलं चांगलं लिखेल व्हतं," भिकुबाई म्हणाली, "आनि तू ते पायवरी पुसी टाकं? मॅट्रिक शे, पन काडीनी अक्कल नही तुले."