पहिल्या आमेनची जागा

दोन

ही गोष्ट खरी आहे. मावशीने ती आजवर दोनदाच सांगितली. दोन्ही वेळा भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून.

मोजणी दोनपासून सुरू होतेय, ती छपाईची चूक नाही. एक शेवटी येईल.

उन्हाळ्याची सुट्टी. शुक्रवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मोठ्या तलावातलं तिसरं बेट.

तंबूत पाच माणसं होती. सगळ्यात धाकटी ठमी, वय सात. मग ताई, पंधराची. मग मावशी, या दोघींची आई. मग काका, म्हणजे मावशीचा नवरा. आणि काकांचे वडील, आजोबा, अठ्ठ्याहत्तर पूर्ण.

हा क्रम लक्षात ठेवा.

काका शाळेची बस चालवतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक पोर मागच्या सीटवर झोपून राहिलं आणि काका बस लावून घरी आले. पोर सुखरूप सापडलं, पण काकांनी जो धसका घेतला तो घेतलाच. घर प्रार्थनेचं. प्रवासाला निघताना देवाचं नाव घ्यायची सवय आजोबांपासूनची. तिचीच काकांनी हजेरी करून टाकली. आधी काका प्रार्थना करणार, मग धाकट्यापासून मोठ्यापर्यंत एकेकाने आमेन म्हणायचं. पाच आमेन कानावर पडल्याशिवाय गाडी हलायची नाही.

ताई म्हणायची, बाबा प्रार्थना करत नाहीत, तिकिटं तपासतात.

डोंगर चढताना पाच आमेन. पहिल्या तलावाकाठी पाच. दोन बेटं अशीच पार पडली.

तीन

तिसऱ्या बेटावर दुसरं कुणी नव्हतं.

होड्या देणाऱ्या माणसाने तसं सांगितलं होतं. उतरल्यावर काकांनी स्वतः बेटाला फेरी मारली. वीस मिनिटांत फेरी संपली. झाडं, दगड, गवत. बस.

आदल्या संध्याकाळी उजेड असतानाच त्यांनी तंबू लावला. बारा खुंट्या. काका हातोडी मारत होते, ठमी मोठ्याने मोजत होती.

बारावी बसली. काकांनी हातोडी गवतात ठेवली.

आणि...

ठक्. ठक्. ठक्.

झाडांच्या पलीकडे कुणीतरी खुंटी ठोकत होतं.

काका म्हणाले, प्रतिध्वनी असेल. त्यांनी हाक मारून पाहिली. उत्तर आलं नाही.

मावशीने कान दिला. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिची बावीस वर्षं गेली आहेत. नुसत्या हॅलोवरून ती सांगते, माणूस उभा आहे की आडवा, एकटा आहे की शेजारी कुणी आहे. प्रतिध्वनी आवाजाच्या पाठोपाठ येतो. हा हातोडी खाली ठेवल्यावर सुरू झाला होता. आणि बारा खुंट्या लागतील इतका वेळ घेऊन थांबला.

तिला नवऱ्याचाच संशय आला. काकांना असल्या गमती करायची भारी हौस. होडीवाल्याशी संगनमत करून पोरींना घाबरवायचा बेत असणार, दुसरं काय. त्या रागात ती पाठ करून झोपली.

सकाळी तिला वाटणार होतं, तो संशय खरा निघाला असता तर किती बरं झालं असतं.

चार

सकाळी धुकं होतं. असं धुकं, की हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत.

वारा सुटायच्या आत पलीकडे पोचायचं होतं, म्हणून सगळी घाई. तंबू उतरवला. मावशीने ठमीला खुंट्या मोजून पिशवीत भरायला सांगितल्या. अकराच भरल्या.

"बघ ना नीट, असेल तिथेच गवतात," मावशी म्हणाली.

ठमी धुक्यात गेली.

होड्या दोन होत्या, लांब दोरीने एकमेकींना बांधलेल्या. पुढच्या होडीत काका, आजोबा आणि सामान. मागच्या होडीत मावशी आणि ताई. काकांना वाटलं, ठमी आईजवळ आहे. मावशीला वाटलं, खुंट्यांची पिशवी पुढे गेली म्हणजे पोरगीही पुढे गेली.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काका प्रार्थनेआधी निघाले.

वीस-पंचवीस वल्ही मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले. मागची होडीही थांबली. धुक्यातून त्यांचा आवाज आला. नेहमीची प्रार्थना, फक्त जरा मोठ्याने. प्रभू, आम्हाला सुखरूप पलीकडे ने.

मग शांतता.

मग...

"आमेन."

ठमीचा आवाज.

मग ताई. मग मावशी. मग काका. मग आजोबा, खोकत.

पाच. वल्ही पुन्हा चालू झाली.

मावशी म्हणते, मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो आवाज पुढून आला नव्हता. पूर्वी परगावचा फोन जोडला की आधी एक पोकळी ऐकू यायची, मग माणूस. तो आमेन तसा आला होता. आधी पोकळी. मग ठमी. तिने ऐकलं होतं आणि मनातल्या मनात म्हटलं होतं, पाण्यावर आवाज असाच येत असेल.

अर्ध्या तलावात धुकं फाटलं. ऊन पडलं.

दोन्ही होड्या एकमेकींना दिसल्या.

दोघांनी एकमेकांच्या होडीतली डोकी मोजली. शेवटी काकांनी विचारलं, "तुझ्याजवळ आहे ना?"

पाच

परतताना काकांनी वल्ही कशी मारली ते त्यांना आठवत नाही. आजोबा सगळा वेळ देवाचा धावा करत होते. मावशी ठमीच्या नावाने ओरडत होती.

बेटावर धुकं तसंच होतं.

तंबूच्या जागी ठमी नव्हती. रात्री तंबू होता तिथे गवताचा कोरडा चौकोन राहिला होता. भोवती सगळीकडे दव. चौकोनाच्या कडेला बारावी खुंटी पडलेली.

ठमी झाडांपलीकडे सापडली. मांडी घालून बसली होती.

ती बसली होती तिथेही गवत दबलेलं होतं. आणि...

कोरडं.

तेवढाच मोठा चौकोन. बारा भोकं.

काकांनी तिला उचललं आणि ते लहान मुलासारखे रडले. मावशीने तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. पडलेल्या दाताची जागा होती. गुडघ्यावरचं कालचं खरचटलेलं होतं. फ्रॉकची निघालेली शिलाई होती. ठमीच होती.

फक्त केस कोरडे होते. बाकी सगळ्यांच्या केसांतून धुक्याचं पाणी गळत होतं.

"घाबरलीस का गं?" मावशीने विचारलं.

ठमीला प्रश्नच कळला नाही. तुम्ही सगळे इथेच तर होतात, ती म्हणाली. बाबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी आमेन म्हटलं.

"आणि तू?"

"मी पण. शेवटी."

काकांचं म्हणणं आजही एकच आहे. पाण्यावरून आवाज लांब जातो. पोरीने बेटावरून प्रार्थना ऐकली आणि तिथूनच आमेन म्हटला. पोर आहे, गोंधळली.

मावशी म्हणते, मान्य. पण मग होडीत आम्ही ऐकला तो पहिला होता.

काठावर होडीवाल्याने ठमीच्या डोक्यावर हात फिरवला, टॉवेल दिला, आणि परत घेतला. मग तो हात बराच वेळ पॅंटला पुसत राहिला.

एक

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला काकांनी प्रार्थना केली. आणि सगळे ठमीसाठी थांबले.

ठमी गप्प.

काकांनी डोळा किलकिला करून पाहिलं. ताईने कंटाळून आपला आमेन म्हणून टाकला. मग मावशी, काका, आजोबा.

मग ठमी म्हणाली, "आमेन."

काका हसले. म्हणाले, काय हो बाईसाहेब, आजोबांपेक्षा मोठ्या झालात का?

ठमी हसली नाही. "वयानेच म्हणायचं ना?" एवढंच म्हणाली आणि जेवायला लागली.

तेव्हापासून ती शेवटीच म्हणते. काकांनी दोनदा समजावलं, मग नाद सोडला. पाच झाले की झालं, ते म्हणतात.

मावशी मात्र तिच्यावर पाळत ठेवून आहे. स्वतःच्या पोटच्या पोरीवर. तिला त्याची लाज वाटते. पोरगी अभ्यास करते, ताईशी भांडते, भाजी बाजूला काढते. कशातच काही फरक नाही. एकदा न राहवून मावशीने हॉस्पिटलच्या बोर्डावरून घरी फोन लावला. घर दोन गल्ल्या सोडून. ठमीने उचलला.

आधी पोकळी आली.

मग, "हॅलो, आई."

मावशी तोवर काहीच बोलली नव्हती.

आता या थंडीतली गोष्ट. रविवारची सकाळ. चर्चला निघायचं होतं. बाहेर धुकं दाटलेलं, खिडकी अर्धी उघडी. पाचही जण दाराशी उभे राहिले. काकांनी प्रार्थना केली आणि सवयीने क्षणभर थांबले. पहिल्या जागेवर हल्ली कुणी नसतं, तरी ते थांबतात.

आणि...

"आमेन."

बारीक. लांबून. खिडकीच्या बाहेरून.

पहिल्या जागेवर. अगदी वेळेवर.

मावशीने डोळे उघडले. काकांचे मिटलेले होते. आजोबांचे मिटलेले होते. ताईने ऐकलं की नाही कोण जाणे, तिने आपला आमेन म्हटला.

आता मावशीचा नंबर. तिला खिडकीकडे धावायचं होतं. हाक मारायची होती, थांब, मी येते, मी आलेच.

तिच्या हाताला कोरडी, लहान बोटं लागली.

ठमीचे डोळे उघडे होते. ओठ घट्ट मिटलेले. तिने मावशीचा हात हळूच दाबला.

"आई," ती म्हणाली, "आता तुझा नंबर."