शालिग्रामनानांचा कूलर आणि रशियन मुलाखत

दिपमालाताई रशियनमध्ये स्वतःबद्दल बोलण्याचा सराव करत होती. लॅपटॉपवर तिच्या पुण्याच्या कॉलेजातल्या बाई ऐकत होत्या. अचानक त्यांचा चेहरा जांभई दिल्यासारखा थिजला. नेट गेलं होतं.

"कालही दुपारीच गेलं होतं आणि परवाही," रत्ना म्हणाली. "पण पंखा तर चालू आहे. म्हणजे वीज गेलेली नाही."

रत्ना सुट्टीसाठी धुळ्याहून धरणगावजवळच्या या गावी काकांकडे आली होती. तिची चुलतबहीण दिपमाला पुण्यात रशियन घेऊन बी.ए. करत होती. जर्मन आणि रशियन शिकणाऱ्यांसाठी असलेल्या एका शिष्यवृत्तीची शेवटची मुलाखत अर्ध्या तासानं होती. ती मिळाली नाही, तर पुण्याचं शिक्षण थांबणार, हे काकांनी जड मनानं सांगून ठेवलं होतं. गावात मोबाइलला रेंज जेमतेम. सगळी भिस्त ग्रामपंचायतीच्या नेटवर. ताई कपाळाला हात लावून बसली.

रत्नानं ताईचा भाऊ भूपेंद्र आणि शेजारच्या किरणला उठवलं, आणि तिघं भर उन्हात पंचायतीकडे पळाली.

दाराला आतून कडी होती. खिडकीतून पाहिलं, तर शिपाई शालिग्रामनाना बाकावर गाढ झोपलेले! भिंतीवरच्या नेटच्या डब्याचे दिवे बंद होते, पिन खाली लोंबत होती, आणि तिच्या जागी कूलरची पिन खोचलेली होती. पोरांनी हाका मारल्या, दार बडवलं. कूलरच्या घरघरीत नानांना काही ऐकू जाईना.

भूपेंद्र खिडकीतून हात घालून कूलरची वायर ओढायला धावला. शॉक बसेल म्हणून रत्नानं त्याला मागं खेचलं. कूलरचं पाणी सोडायची लांब नळी बाहेर निंबापर्यंत आली होती, तोंडाला चिंधीचा बोळा. रत्नानं बोळा उपसला. पाणी भळाभळा निंबाच्या आळ्यात गेलं.

थोड्याच वेळात आत गरम वारा सुटला. नाना घामाघूम होऊन उठले आणि बादली घेऊन बाहेर आले.

"बठ्ठं पानी कथा गयं?" सगळं पाणी गेलं कुठं, असं पुटपुटत ते नळाकडे वळले, तशी रत्ना आत शिरली. तिनं आधी बटण बंद केलं, मग पिन बदलून ते पुन्हा चालू केलं. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकले.

नानांनी तिला दारातच गाठलं. ते रागावले, पण रत्नानं सगळं खरं सांगितलं. कूलरचं पाणी आपणच सोडलं, हेही. नाना ओशाळले. तो डबा कशाचा, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी खुर्ची निंबाखाली ओढली आणि मुलाखत संपेपर्यंत कुणालाही आत सोडलं नाही.

मुलाखत दहा मिनिटं उशिरा सुरू झाली. ताईला पहिलाच प्रश्न आला, की उशीर का झाला? पोरांनी पळत येऊन सांगितलेला सगळा उद्योग ताईनं रशियनमध्ये सांगितला. कूलरला शब्द आठवेना, म्हणून 'वारा देणारी पेटी' म्हणाली. परीक्षक हसून हसून बेजार झाले. त्यांनी शेवटी विचारलं, ते आजोबा अजून निंबाखालीच बसलेत का?

आठवड्यानं शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं. काकांनी त्याच संध्याकाळी पंचायतीत कूलरसाठी विजेचा दुसरा बोर्ड बसवून घेतला आणि तिन्ही पोरांना चौकात नेऊन कुल्फी दिली.

"मी आशा सोडली होती," ते रत्नाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही नाही सोडली."