गुरुवारी एक ते दोन

झेरॉक्स मशीनमध्ये माझा कागद अडकला, आणि तो सोडवायला जो हात पुढे आला त्याच्या बाहीवर निळ्या शाईचा डाग होता.

"थांबा सिस्टर, ओढू नका… फाटेल."

मी दचकलेच. आमच्या हॉस्पिटलच्या वाचनालयात जेवणाच्या सुट्टीत दुसरं माणूस दिसणं म्हणजे उंबराचं फूल! मी तरी कुठे हौसेनं आले होते? मी भाजलेल्यांच्या वॉर्डची नर्स. वेदना विभागाच्या प्रमुख, म्हणजे आमच्या मोठ्या मॅडम, यांचा दंडकच होता – प्रत्येकानं दर महिन्याला वेदनेवरचा एक नवा शोधनिबंध वाचायचा आणि सगळ्यांना समजावून सांगायचा. "वाचणं थांबलं की हात जुने होतात," त्या म्हणायच्या. सूट कुणालाच नाही. डॉक्टरांना नाही, आम्हाला नाही, आणि औषधांच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टलाही नाही… म्हणजे या निळ्या डागवाल्याला.

त्यानं कागद अलगद सोडवला, उलटून पाहिला, आणि गालातल्या गालात हसला.

"हा निबंध मी घेतलाय."

"मी आधी घेतलाय."

"पुरावा?"

"कागद माझा अडकलाय."

"सोडवला कुणी?"

मला हसू आलं. वाद मिटेना, म्हणून खिडकीजवळच्या टेबलाशी बसून एकाच प्रतीतून दोघांनी वाचायचं ठरलं.

मला आकडे बघितले की घाम फुटायचा. तो पेन्सिल घेऊन एकेक तक्ता उलगडून सांगायचा. आणि त्या आकड्यांमागे काय असतं, चिकटलेली पट्टी सुटताना माणूस कुठे बघतो, काय धरतो, ते मी त्याला सांगायची. निबंधाचं म्हणणं साधं होतं. पट्टी बदलायच्या तासभर आधी वेदनाशामक द्या, दुखायला लागायची वाट बघू नका.

"तुमच्याकडे ड्रेसिंग किती वाजता?" त्यानं विचारलं.

"नऊला."

"आणि माझी खिडकी उघडते नऊला." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे गोळी लागू पडेपर्यंत पट्ट्या निघालेल्या असतात? रोज?"

"रोज."

त्याचा चेहरा असा पडला की बस्स. तो मला आवडला तो तेव्हाच… पण हे मला कळायला फार दिवस गेले.

त्यानं मोठ्या मॅडमची परवानगी काढली आणि दुसऱ्या आठवड्यापासून तो साडेसातला यायला लागला. वॉर्डात एक वेल्डरमामा होते, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. रोज ड्रेसिंगला ते टॉवेल दातात धरायचे. चौथ्या दिवशी मी शेवटची पट्टी गुंडाळली तर मामा माझ्याकडे बघतच राहिले. "झालं? एवढंच?"

मी मागे वळले. तो दारात ट्रे घेऊन उभा होता, डोळे भरलेले.

"काय हो, कांदा चिरत होतात का?"

"गोळीची पूड उडाली डोळ्यात," तो म्हणाला आणि सटकला.

मग गुरुवारी एक ते दोन, वाचनालय, हे ठरूनच गेलं. निबंध महिन्याला एक सांगायचा असायचा. आम्ही चार-चार वाचायचो. मोठ्या मॅडमनी एकदा चष्म्यावरून बघत विचारलं, "एवढी ज्ञानाची तहान लागलीये कुणाला?" आम्ही दोघांनी खाली बघितलं.

एका गुरुवारी मी म्हणाले, "एक सांगू? मला सिस्टर म्हणू नका."

"का? सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी म्हणावं… तुम्ही नका."

त्याची पेन्सिल थांबली. "मग काय म्हणू?"

"नुसतं अहो म्हणा."

"अहो –" त्यानं म्हणून बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. "लोक काय समजतील?"

"लोक वाचनालयात येतात कुठे!"

असे आठ महिने गेले. मग एका गुरुवारी तो आला आणि त्यानं वाचायला कागद काढलाच नाही. गावी आई एकटी होती. तिला आता जिना चढवत नव्हता, आणि गावच्या छोट्या दवाखान्यात त्याला जागा मिळाली होती. चार तासांवर.

"जायला हवं," तो म्हणाला.

"हवंच," मी म्हणाले. निरोप घेताना त्यानं हात पुढे केला, मीही केला, आणि दोघांच्या हातात फायली होत्या. हातात हात काही आला नाही.

तो गेल्यावर वाचनालय एवढं मोठं कधी झालं कळेना. मी तक्ते उघडून बसायची. आकडे पुन्हा मुंग्यांसारखे पळायला लागले. मग त्याचा फोन आला, गुरुवारी, एक वाजता.

"नवा अंक आलाय ना? पान चाळीस काढा."

तो तिकडे वाचायचा, मी इकडे. निबंध संपायचा, फोन संपायचा नाही.

"पाऊस आहे का तिकडे?"

"आहे. ऐका…" आणि तो फोन खिडकीबाहेर धरायचा. पत्र्यावरचा तो पाऊस मी डोळे मिटून ऐकायची. मनातलं ओठांपर्यंत यायचं आणि संकोचल्या पाहुण्यासारखं उंबऱ्यातच उभं राहायचं. फोन ठेवला की शुक्रवार, शनिवार… आठवडा सरता सरायचा नाही.

मग एक गुरुवार फोन आला नाही. संध्याकाळी निरोप आला, 'आई पडली. मांडीचं हाड. ऑपरेशन झालं. नंतर बोलतो.' पुढचा गुरुवारही कोरडा गेला. घरी मी घास चिवडत बसायची. शेवटी वहिनीच म्हणाली, "औषधवाल्याकडे जाऊन ये बाई एकदा. तुझ्या भावाला मी सांगते."

रविवारी पहाटेची पहिली बस धरली.

दार त्यानंच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "तुम्ही?" एवढंच म्हणाला, आणि दारातून बाजूला व्हायचंच विसरला.

आतून आवाज आला, "कोण आहे रे? ती गुरुवारची का?"

खाटेवर त्याची आई होती, ओठ घट्ट मिटून. चेहरा घामेजलेला. असे चेहरे मी रोज बघते.

"काकू, गोळी घेतलीत?"

"नाही घेत. सवय लागते."

"दहा दिवस सांगतोय," तो हताशपणे म्हणाला. "सगळे निबंध वाचून दाखवले."

"मी काय परीक्षेला बसलेय?" काकू कडाडल्या.

मी खाटेच्या कडेवर बसले. त्यांचा हात हातात घेतला. "काकू, डॉक्टरांनी मोजून दिलीये, थोड्या दिवसांपुरती. दुखतं म्हणून तुम्ही हलत नाही, आणि हलला नाहीत तर पाय आखडून बसेल. सोसण्यात बहादुरी नाही. चालण्यात आहे."

त्यांनी उशाजवळची गोळी उचलली. मग म्हणाल्या, "पाणी दे."

तासाभरानं त्यांचे ओठ सैल झाले. दोघांनी धरून त्यांना चार पावलं चालवलं. पाचव्याला त्या म्हणाल्या, "आता मला झोपू द्या. आणि बोला काय ते एकदाचं… दर गुरुवारी भिंतीआडून ऐकून माझे कान किटलेत."

स्वयंपाकघरात तो ओट्याला टेकून उभा राहिला. चहा उतू जायला आला तरी त्याचं लक्ष नव्हतं. गॅस मी बंद केला.

"अहो…" तो म्हणाला. "निघालो त्या दिवशीच विचारायचं होतं. पण आईला टाकून मी येऊ शकत नाही, आणि तुमचा वॉर्ड सोडा असं म्हणायला जीभ रेटत नाही. मग कुठल्या तोंडानं सांगू, की… मला तुमच्याशिवाय करमत नाही?"

"सांगितलंत की."

"अं?"

"आत्ता. सांगितलंत." मी ओट्यावर कप मांडले. "मलाही नाही करमत. मुळीच नाही. आणि टाकून या असं कोण म्हणतंय? काकूंना नीट चालायला तीन महिने लागतील. मी एकाआड एक रविवारी येईन."

"आणि त्या चालायला लागल्यावर?"

"मग बघू, कोणी कोणाकडे चालत यायचं ते."

तो हसला, पण ओट्यावरचा माझा हात त्यानं दोन्ही हातांनी असा धरला, की कप भरायचे राहूनच गेले.

तीनची बस होती. तो खिडकीखाली उभा राहिला. किती बोलायचं होतं, आणि दोघंही बसच्या पाटीबद्दल बोलत होतो. कंडक्टरनं घंटी मारली. तेवढ्यात खालून त्यानं अर्ध्या उघड्या काचेवर टकटक केली. मी काच आणखी सरकवली.

"पोचलीस की कळव," तो म्हणाला.

बस हलली. आणि मी, चार तासांची वाट पुढे असताना, मागेच बघत राहिले.